इनेश, तू समोर बसून ऐकलंस

शनिवारी दुपारी तू गेलीस. हॉस्पिसच्या कॉरिडॉरमधून मी शिरीषला फोन लावला आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो 'सुटली'. कोण, असं त्याने विचारलं नाही. लहानपणी नागपूरला गल्लीत बरेच दिवस अंथरुणाला खिळलेलं कुणी गेलं, की बायका दारात उभ्या राहून हाच शब्द म्हणायच्या, आणि मला त्यांचा राग यायचा. माणूस गेलंय आणि ह्या मोकळ्या झाल्यासारख्या बोलतात! आता कळतं, की त्या खरंच मोकळ्या झालेल्या असायच्या आणि ते लपवत नव्हत्या. मीही लपवणार नाही. शनिवारी रात्री मी सलग झोपले. सकाळी उठून चहा केला, तो गरम असतानाच प्याले. मग खूप रडले. पण आधी झोपले, हे तुला सांगायला हवं. ज्या गोष्टीला तू घाबरत होतीस आणि तुझ्यामुळे मीही घाबरत होते, ती झाली नाही. तुला श्वासासाठी झगडावं लागलं नाही.

हे मी मराठीत लिहितेय. यातलं तुला 'बटाटा' आणि 'चावी' सोडून काही कळलं नसतं. पण इंग्रजीत तुझ्याशी भांडताना मी कायम हरले. इंग्रजी तुझंही शिकलेलंच होतं, पण तू चुकायला घाबरत नव्हतीस. मी मनातल्या मनात वाक्य जुळवेपर्यंत तू दोन मुद्दे पुढे गेलेली असायचीस. तेव्हा आता माझ्या भाषेत, माझ्या वेगाने. ऐकून घे.

तू बसस्टॉपवर उभी होतीस ते मला अजून दिसतं. किंग्ज हीथच्या हाय स्ट्रीटवर भुरभुर पाऊस होता आणि तू तुझ्याहून उंच असलेल्या त्या काळ्या पिशवीला मिठी मारून उभी होतीस. बस आली, पण आत दोन बाबागाड्या होत्या आणि ड्रायव्हरने मान हलवून दार लावून घेतलं. मी मागेच सिग्नलला अडकले होते. आमच्याच रांगेत, तीन घरं सोडून राहणारी मुलगी एवढंच मला तुझ्याबद्दल माहीत होतं. काच खाली करून कुठे जायचंय विचारलं. तू म्हणालीस, सिटी सेंटर, आणि मग जरा थांबून, आम्हा दोघांना. दुसरं कोण ते मला कळेना. तू पिशवीवर थाप मारलीस.

ती मागे लांब डिकी असलेली एस्टेट गाडी शिरीषने कॅम्पिंगसाठी हट्टाने घेतली होती. कॅम्पिंग एकदाच झालं, पाठीत उसण भरली आणि संपलं. तुझा डबल बेस, ते माणसाहून उंच व्हायोलिन, मात्र त्या गाडीत मापाने बनवल्यासारखा बसला. डावीकडच्या सगळ्या सीट पाडल्या, की त्याची मान थेट डॅशबोर्डपर्यंत यायची. म्हणून तुला माझ्या मागे बसावं लागायचं आणि बोलताना मी तुला आरशात बघायचे. पुढे कित्येक वर्षं तुझे रुसवे, तुझ्या थापा, तुझी खुशी मी त्या एवढ्याशा आरशात ओळखत आले. लेस्टर, कॉव्हेंट्री, डर्बी, एकदा तर पार न्यूकॅसल. शिरीष लोकांना सांगायचा, माझी बायको सॉफ्टवेअर टेस्टर आहे आणि शनिवार-रविवारी टेम्पो चालवते.

बटाट्याचा शोध आपल्याला आमच्या स्वयंपाकघरात लागला. मी शिरीषला ओरडून बटाटे आणायला सांगितले आणि तू चमचा खाली ठेवून विचारलंस, आत्ता तू काय म्हणालीस? तुमच्या पोर्तोला, पोर्तुगीजमध्येही, तो बटाटाच आहे म्हणालीस. मग पाव निघाला, कोबी निघाली, बालदी निघाली. चावीवर तर तू टाळीच वाजवलीस. तेव्हापासून आमच्या घरची एक चावी तुझ्याकडे गेली ती गेलीच. पुढे आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा माझा पासपोर्ट व्हिसासाठी अडकला होता आणि मला नागपूरला जाता येत नव्हतं. तू त्या चावीने रोज आत येत होतीस. समजूत घालायचा प्रयत्न तू एकदाही केला नाहीस. कोबीचं हिरवं सूप करायचीस, त्यात लसूण जरा जास्तच घालायचीस आणि आज आई किती चालली ते विचारायचीस. मी आभार मानले नव्हते. आपल्यात ते शोभलंही नसतं. आज मानते.

मला जॅझमधलं काही कळत नव्हतं हे तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पबच्या वरच्या मजल्यावर तुला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तू कॉलेज संपवून एका कॅफेत कपबशा धूत होतीस आणि आठवड्यातून एकदा दुसऱ्यांच्या बँडमध्ये वाजवत होतीस. परतीच्या वाटेवर मी खरं ते सांगितलं: सॅक्सोफोन ऐकू आला, ड्रम तर फारच आला, तुझं मात्र काही ऐकू आलं नाही. चुका शोधणं हेच माझं काम, त्यामुळे मला वाटलं मी उपयोगाचं काहीतरी सांगितलं. तू आरशात हसलीस. पुढच्या तालमीला मला मुद्दाम बसवून घेतलंस आणि गाणं ऐन रंगात असताना तू हात काढून घेतलास. बाकीचे वाजवतच होते. पण सगळं एकदम पातळ झालं, जसं घरातला फ्रीज बंद पडल्यावर कळतं की तो चालू होता. तू परत सुरू केलंस आणि माझ्याकडे पाहिलंस. त्यानंतर मला तूच ऐकू यायला लागलीस, आणि तुझ्यामुळे बाकीचे.

तुझा स्वतःचा बँड झाला तेव्हा आपलं पहिलं मोठं भांडण झालं. पाच जण, गाणी सगळी तुझी, पैसे गोळा करणं, फोन करणं, रुसलेल्या पियानोवाल्याला घरी जाऊन समजावणं, सगळं तुझं. मी म्हटलं, बँडला तुझं नाव दे. जगात सगळे देतात. तू 'ग्राउंड फ्लोअर' नाव दिलंस. तुमच्याकडे म्हणे तळमजल्यासाठी एक छान शब्द आहे, आणि तुला आयुष्यभर तिथेच राहायला आवडलं असतं, वर पाहुणे नाचत असताना. मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. त्या नावापायी लोक कायम गोंधळले. एका फेस्टिव्हलला आयोजक धावत आला आणि त्याने डेव्हचा हात हातात घेऊन त्याचं अभिनंदन केलं, इतका सुंदर बँड उभा केल्याबद्दल. डेव्ह तुमचा ड्रमर, त्या पबमध्येही ड्रमवर तोच होता, साठीला आलेला, पिकल्या दाढीचा, शेजारच्या कोळसाखाणींच्या भागातला, ब्लॅक कंट्रीतला मितभाषी माणूस. तो खुलासा करणार तेवढ्यात तू त्याच्या पायावर पाय दिलास. गाडीत मी धुमसत होते. तू म्हणालीस, दुसऱ्या गाण्यापर्यंत कळेल त्याला. आणि कळलं. मध्यंतरात तो तुला शोधत आला, एक गाणं जास्तीचं वाजवाल का विचारायला. तुलाच विचारलं त्याने. मी बाजूला उभी होते आणि मला इतकं बरं वाटलं, की मी त्याच्या स्टॉलवरून तुमच्या दोन सीड्या विकत घेतल्या, घरी पाच असताना.

लीडर म्हणून तू कधी कुणाला काय वाजवायचं ते सांगितलं नाहीस. तू स्वतः काहीतरी वेगळं वाजवायचीस आणि मग बाकीच्यांना बदलावंच लागायचं. मी ऑफिसात टीम लीड झाले तेव्हा तुझं पाहून तसं करायचा प्रयत्न केला. जमलं नाही. मला सांगावं लागतं.

नंतरची वर्षं भराभर गेली. चर्चच्या हॉलमध्ये थंडीने कुडकुडत केलेली पहिली रेकॉर्ड, ती रेडिओवर लागली तो दिवस, पेपरात आलेलं ते परीक्षण, ज्यात तुझ्या पायातल्या बुटांवर एक अख्खं वाक्य होतं. मग दुसरी रेकॉर्ड, हॉलंड, जर्मनी. तू बत्तीस वर्षांचीही झाली नव्हतीस. आणि शेवटी पोर्तोला कार्यक्रम करायचं बोलणं सुरू झालं. आईसमोर वाजवायचं म्हणून तू लहान मुलीसारखी अस्वस्थ होतीस.

चावीनेच दगा दिला. तू आमच्या दारात उभी होतीस, मी खिडकीतून बघत होते. डाव्या हाताने तुला चावी फिरवता येईना. तू उजव्या हाताने दार उघडलंस, आत आलीस, आणि मी पाहिलंय हे तुला कळलं. करंगळी ऐकत नाही, म्हणालीस, थंडीमुळे असेल. मे महिना होता. मी जीपीकडे, आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे, चल म्हटलं, तू टाळलंस, मी परत म्हटलं. मग जीपी, मग हॉस्पिटल, मग मोठं हॉस्पिटल, तपासण्या, आणि एका मंगळवारी डॉक्टरांनी खुर्ची तुझ्याजवळ ओढून घेतली. खुर्ची ओढून घेतली तेव्हाच मला कळलं. मोटर न्यूरॉन, स्नायू एकेक करून बंद पाडणारा आजार. हातापासून सुरू झालाय, पुढे कुठे आणि किती वेगाने जाईल ते सांगता येत नाही. तू एकच प्रश्न विचारलास, ऐकू येणं जाईल का? नाही, म्हणाले डॉक्टर, कान शाबूत राहतील. तू मान हलवलीस, एखादी रास्त अट मान्य करावी तशी.

गाडीत बेस नव्हता, तरी तू सवयीने मागेच बसलीस. मी आरशात बघितलं नाही. सगळा पर्शोर रोड मी फक्त रस्ता बघत होते.

आणि तिथून सहा-सात आठवड्यांत आपलं दुसरं भांडण झालं, जे मिटलं असं मी म्हणणार नाही. तुला अजून वाजवता येत होतं. पूर्वीइतकं नाही, पण येत होतं. डेव्ह म्हणत होता, सगळे म्हणत होते. आणि तू आमच्या टेबलाशी बसून जाहीर केलंस, की तू थांबणार आणि तुझ्या जागी दुसरं कुणीतरी वाजवेल. मी पोळ्या करत होते. गॅस बंद केला.

"अजून हात चालतोय तर वाजव ना," मी म्हटलं. "नंतर आहेच की थांबणं."

"मीनल, ते मला सांभाळून घेतायत," तू म्हणालीस. "डेव्ह हळू वाजवतो. पियानोवाला माझे सूर डाव्या हाताने भरून काढतो. त्यांना वाटतं मला कळत नाही. बँडचं सगळं लक्ष मला लपवण्यात जातंय."

मी म्हटलं, मग लपवू दे की, माणसं एवढं करतात एकमेकांसाठी. तू म्हणालीस, माणसांनी करावं, बँडने नाही. यावर मला इंग्रजीत उत्तर सुचलं नाही. आता मराठीतही सुचत नाही, पण मला अजून वाटतं की तुला दोन-तीन महिने जास्त मिळाले असते. तू ते सोडलेस. ते तुझे होते, मान्य. तरी मला वाटतंच.

त्याहून राग आला तो तू निवडलेल्या नावाचा. बेथन. कार्डिफची बेथन, जिच्यामुळे तू तरुण वादकांच्या एका मोठ्या बँडच्या निवडीत दुसरी आली होतीस. जिच्याबद्दल मी गाडीत तासन्‌तास ऐकलं होतं, की तिचा सूर कसा साबणासारखा गुळगुळीत आहे आणि ती कशी समोरच्याकडे न बघता बोलते. मी विचारलं, जगात दुसरं कुणी नाही का? तू म्हणालीस, आहेत ना, पुष्कळ आहेत. पण रात्री मी जिचा मत्सर करते अशी एकच आहे, याचा अर्थ तीच सगळ्यात चांगली असणार. वर हसलीसही. मला हसू आलं नाही.

बेथन कार्डिफहून ट्रेनने आली. बेस घेऊन न्यू स्ट्रीट स्टेशनवर उभी होती आणि तिला आणायला अर्थातच मी गेले, कारण गाडी माझी. ती खरंच समोर न बघता बोलते. किंग्ज हीथपर्यंत आम्ही हवामानावर बोललो. तुझ्या पुढच्या खोलीत मी चहा घेऊन आले तेव्हा ती उभी होती, बेस पिशवीतून काढलेला नव्हता, आणि तुला सांगत होती की हे तिच्याने होणार नाही. तुझ्या बँडमध्ये तुझ्यासमोर तुझे सूर वाजवायचे म्हणजे जिवंत माणसाचे कपडे घालायचे. मला तिच्याबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं ते या वाक्याने.

तू म्हणालीस, "माझे सूर वाजवायला बोलावलंच नाहीये. ते मला येत होते. तू तुझे वाजव. मला बघायचंय, त्याने बाकीचे काय करतात."

बेथनने खिडकीबाहेर बघतच पिशवीची चेन उघडली.

तालमींना तू सुरुवातीला येत होतीस, मग यायचं बंद केलंस, कारण सगळे वाजवता वाजवता तुझ्याकडे बघायचे. तुझा स्वतःचा बेस कॉलेजला देऊन टाकलास, ज्या विद्यार्थ्याला परवडत नाही त्याने वापरावा म्हणून. तो पोचवायलाही आपणच गेलो होतो. परतताना गाडीत एवढी जागा झाली, की तू पहिल्यांदाच माझ्या शेजारी बसलीस. तू पाय लांब केलेस आणि म्हणालीस, इथे तर हीटर पण आहे.

मग लेस्टरचा तो रविवार. दुपारचा कार्यक्रम होता, बेलग्रेव्ह रोडवर आधी जेवलो, तू डोशाचा अर्धा भाग शिरीषच्या हातून खाल्लास. तोपर्यंत व्हीलचेअर आली होती. हॉलमध्ये तुझी खुर्ची तिसऱ्या रांगेच्या कडेला लावली आणि मी तुझ्या शेजारी बसले. आपलं घर विकून टाकल्यावर पुन्हा त्या रस्त्याने जावं लागतं, तसं तुला होणार, तू मोडणार, आणि मी शेजारी बसून काय करणार? शिरीषला मी दाराजवळची जागा धरायला सांगितलं होतं. गरज पडली तर तुला पटकन बाहेर नेता यावं म्हणून.

पाच जण आले. बेथन मागे, तुझ्याच जागी उभी राहिली. डेव्हने काड्या उचलल्या. पहिलं गाणं सुरू झालं आणि तू डोळे मिटलेस. मी स्टेजकडे बघितलंच नाही, तुझ्याकडेच बघत होते. तुझ्या भुवया वर गेल्या. मग कपाळाला आठी पडली. दुसऱ्या गाण्यात तू डोळे उघडून एकेकाकडे बघायला लागलीस, आधी सॅक्सोफोन, मग पियानो, मग डेव्ह, वर्गात नवीन बाई आल्यावर मुलं बघतात तशी, अगदी उघड. तिसऱ्या गाण्यात तुझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी शिरीषला खूण करणार, तेवढ्यात तू तुझ्या उजव्या हाताने, जो अजून थोडा हलत होता, माझी बाही धरलीस.

"मीनल," तू म्हणालीस, "आम्ही किती चांगले आहोत गं."

'गं' मी लावला. पण तू तसंच म्हणालीस.

मध्यंतरात तू मला समजावलंस. इतकी वर्षं तू त्यांच्यामध्ये उभी होतीस. एका कानात डेव्हची झांज, दुसऱ्या कानात पियानोची पाठ, आणि पोटाला टेकलेलं ते लाकूड. तुझा बँड हॉलमध्ये कसा वाजतो हे जगात सगळ्यांना माहीत होतं, तुला सोडून. मलासुद्धा माहीत होतं, टेम्पोवालीला. रेकॉर्ड ऐकून तुला कायम फक्त तुझ्या चुका ऐकू यायच्या. आज चुकायला तू स्टेजवर नव्हतीसच, आणि त्यामुळे पहिल्यांदा गाणी ऐकू आली. तू भराभर बोलत होतीस, जीभ अडखळत होती, लाळ गळत होती आणि तुला त्याचं काही नव्हतं. तुझी भीती काय होती तेही तेव्हाच बोललीस. तुला वाटत होतं, तू थांबलीस की कळेल, की मुळात तिथे काही नव्हतंच, फक्त तू ओढत होतीस. "पण ते आहे," तू म्हणालीस. "ते आहे, मीनल. मी निश्चिंत झाले."

त्या दिवसापासून तू खरंच निश्चिंत झालीस. मीही झाले. कार्यक्रमानंतर डेव्ह खाली येऊन तुझ्यासमोर गुडघ्यावर बसला, आणि त्याला तू म्हणालीस, की तो फार मोठ्याने वाजवतो आणि हे आजवर कुणी का सांगितलं नाही. तो म्हणाला, मीनलने तुला सांगितलं होतं. डेव्ह माझ्याकडे बघून हसला. मी खरंच सांगितलं होतं, पहिल्याच दिवशी.

नंतरचं वर्ष सोपं नव्हतं, पण तू हलकी होतीस. बोट चालत होतं तोवर संगणकावर, मग नुसत्या डोळ्यांनी अक्षरं निवडून तू गाणी रचलीस. बेथन दर दोन आठवड्यांनी कार्डिफहून यायची आणि तुम्ही दोघी भांडायचात, कारण ती तुझे शेवट बदलायची. मला ती आवडायला लागली होती. हे मी तुला मुद्दाम सांगितलं नाही, तू फार खूश झाली असतीस.

आणि पोर्तोहून तुझी आई आली. तू तिला 'मांय' म्हणायचीस. आमच्या विदर्भात गावाकडे 'माय' म्हणतात, त्यामुळे मला तिला वेगळं काही म्हणावंच लागलं नाही. तिला इंग्रजी जेमतेम, मला पोर्तुगीज शून्य. आम्ही दोघींनी तुझं जेवण मिक्सरमधून काढत, बटाटा, कोबी, पाव, बालदी एवढ्या शब्दांवर कित्येक महिने संसार केला. पण एक गोष्ट तिच्या मनात होती आणि तू ती मला सांगितली होतीस. तुझ्या आजीच्या आजारपणामुळे तोवर तिला तिची बेकरी आणि घर सोडून कधी निघता आलं नव्हतं, तिने तुझा एकही कार्यक्रम पाहिला नव्हता. तिच्या भावाने तिच्या डोक्यात भरवलं होतं, की पोरगी इंग्लंडात कुणा इंग्रजाच्या बँडमध्ये मागे उभी राहून वाजवते आणि त्यासाठी तिने सगळं सोडलं. तू तिला फोटो दाखवलेस. फोटोत तू मागेच उभी होतीस. मी परत म्हटलं, बघ, नाव द्यायला हवं होतं. तेव्हा तुला बोलता येत नव्हतं, तू नुसते डोळे फिरवलेस. त्या डोळे फिरवण्यात पूर्वीचं सगळं इंग्रजी होतं.

शनिवारचं तुला माहीत नाही, म्हणून सांगते. ऊन पडलं होतं. नर्सने सकाळीच तुला औषध दिलं होतं आणि तुझा श्वास संथ चालला होता. माय एका बाजूला, मी एका बाजूला. बँडचे निरोप आले होते ते मी तुला वाचून दाखवत होते, बेथनचा, डेव्हचा, मग शिरीषने गाडीचा पंक्चर टायर बदलताना काय गोंधळ घातला ते सांगत होते. तू ऐकतेयस असंच मला वाटत होतं, कान शाबूत राहतील असं डॉक्टर म्हणाले होते ना. मग नर्स उशी सारखी करायला आली, थांबली, आणि तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी कदाचित नंतरही थोडा वेळ तुझ्याशी बोलत होते. मायला माझ्याआधी कळलं होतं. तुझा हात तिच्या हातात होता. तिने मला बोलू दिलं.

आज तुला निरोप दिला. बँडने तुझं शेवटचं गाणं वाजवलं, बेथनने बदललेल्या शेवटासकट. माफ कर, मला तिचाच शेवट जास्त आवडला. नंतर चहा होता. माणसं खूप आली होती, कॉलेजातली, पबमधली, ज्या शाळेत तू शिकवायचीस तिथल्या मुलांचे आईबाप. माय प्लेट हातात धरून या सगळ्यांकडे बघत होती. मग ती सरळ डेव्हकडे गेली. मी मागोमाग गेले, काही अडलं तर म्हणून. ती त्याला तिच्या तुटक इंग्रजीत विचारत होती, की आता या बँडचा मालक कोण, तुम्ही?

डेव्हने हातातला कप खाली ठेवला. बेथन शेजारीच होती, तिनेही कप खाली ठेवला.

"इनेश," डेव्ह म्हणाला. "बँड इनेशचा आहे. आम्ही तिच्याकडे कामाला आहोत."

मायने बेथनकडे पाहिलं. बेथनने, चक्क तिच्या डोळ्यांत बघून, मान हलवली.

मायने प्लेट माझ्या हातात दिली, पर्समधून फोन काढला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. पलीकडे तिचा भाऊ होता, तुझा मामा. पोर्तुगीज मला कळत नाही, पण ती सावकाश बोलत होती, समोरच्याला नीट कळावं म्हणून एकेक शब्द वेगळा करून. तुझं नाव आलं. मग एक शब्द आला, 'शेफ'. तुझ्याकडून चार शब्द शिकलेल्या पियानोवाल्याला मी विचारलं, तर तो म्हणाला, त्यांच्याकडे साहेबाला तसं म्हणतात. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण मायने तो शब्द पुन्हा म्हटला, आणि मग आणखी एकदा, या वेळी जरा चढ्या आवाजात, पाठ ताठ करून.